केप गेली, व्रत राहिलं

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा वाद पेटला. पुण्यातल्या भाच्यानं तुकोबांचा अभंग गिटार आणि ड्रम्सवर म्हटला होता. मावशी म्हणाली, परंपरेला हात लावू नका. भाचा म्हणाला, मग आमची पिढी ऐकणार कशी? इकडे न्यू जर्सीत रात्री उशिरा हे सगळं वाचताना मला 'बॅटमॅन बियाँड' आठवत होती.

ही कार्टून मालिका अमेरिकेत १९९९ साली सुरू झाली. १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांनी घडवलेला बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, तिच्यात थकलेला म्हातारा आहे. पहिल्याच भागात अपहरण झालेल्या मुलीला सोडवताना ऐन झटापटीत त्याचं हृदय दगा देतं. गुंड अंगावर येतो तेव्हा तो समोर पडलेलं पिस्तूल उचलून त्याच्यावर रोखतो. गोळी झाडत नाही. पण ज्याचे आईवडील पिस्तुलानंच मारले गेले, त्याच्या हातात आज पिस्तूल! तो गुहेत परततो, पोशाख उतरवतो, 'पुन्हा कधीच नाही' म्हणतो आणि दिवे मालवतो. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

पुढे वीस वर्षांनी टेरी मॅक्गिनिस हा शाळकरी मुलगा वडिलांच्या खुनाचा छडा लावायला तो पोशाख पळवतो. या पोशाखाला बॅटमॅनची नेहमीची केप, म्हणजे पाठीवरचा झगा, नाही, छातीवर लाल वटवाघूळ, बुटांत रॉकेट. म्हातारा इतका संतापतो की टेरी मारामारीत असतानाच दुरून पोशाख बंद पाडतो. मग त्याचं म्हणणं ऐकतो आणि पुन्हा चालू करतो. माझ्या मते वारसा दिला गेला तो त्या क्षणी. सगळं बदललं, जीव न घेण्याचं व्रत तेवढं राहिलं.

म्हणूनच २००५ मध्ये 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या दुसऱ्या कार्टून मालिकेच्या एका भागात टेरी हा जनुकीयदृष्ट्या ब्रूसचाच मुलगा असल्याचं सांगितलं, ते मला अजिबात पटलं नाही. परक्या पोरानं मेहनतीनं कमावलेलं रक्ताच्या खात्यावर कशाला जमा करायचं? आपल्याकडे किराणा घराणं अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि त्यांच्याकडून भीमसेनजींकडे आलं. यांत रक्ताचं नातं कुठे होतं? तालीम होती, रियाज होता.

गावी असताना मीही मावशीच्याच बाजूनं भांडलो असतो. इथे दर रविवारी मराठी शाळेत मुलांना भजन शिकवतो. वर्गात सगळ्यांत नेमका टाळ वाजवणाऱ्या मुलीचे आईवडील व्हिएतनामहून आलेले. ती मैत्रिणीबरोबर सहज आली आणि राहिली. 'विठ्ठल' म्हणताना तिचा 'ठ' अजून अडखळतो, तरी घरी जायच्या आधी ती तो चार वेळा घोटून घेते. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की हे तुझं नाही?

पण मावशीचं सगळंच चूक नाही. भाच्याचं गाणं मी पुन्हा लावलं, या वेळी डोळे मिटून. दुसऱ्या चरणात ड्रम्स इतके चढतात की तुकोबांचे शब्दच ऐकू येत नाहीत. त्याला लिहिलं: गिटार राहू दे, शब्द वर आण, आणि मावशीला पुढ्यात बसवून एकदा म्हणून दाखव.