चिमणराव वाळत घातलेत

सध्या आमच्या बाथरूममध्ये चिमणराव टांगलेले आहेत. टॉवेलच्या दांडीला. पीळ नीट बसावा म्हणून खाली सुतळीने खलबत्त्यातला बत्ता बांधलाय. शेजारी गुंड्याभाऊ. त्यांना बत्त्याची गरज नाही, ते मुळातच भारदस्त. आज पाचवा दिवस. दोघेही अजून ओलेच आहेत, आणि अंघोळीला जाणारा प्रत्येक जण आधी त्यांना बाजूला सारतो आणि मग गीझर लावतो.

लोकरीच्या लडी आहेत त्या. हाताने कातलेल्या. पण घरात आता कोणी 'लड' म्हणत नाही. काल नवरा आतून ओरडला, "अगं, चिमणराव बादलीत पडले!" नेमका तेव्हा दारात कुरिअरवाला उभा होता. त्याने सही न घेताच पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि जिन्याने उतरला. लिफ्ट चालू होती.

आषाढात ठाण्यामध्ये लोकर वाळवायला घेणं हा मूर्खपणा आहे, हे मला आता कोणी सांगू नये. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पोटात ठेवून वर कोरडेपणाचा आव आणू शकते. माझी शंभर ग्रॅमची लड परवा काट्यावर एकशे बारा भरली. विकायला बसले असते तर आषाढातच बसले असते. वासाचं मात्र काही करता येत नाही. ओली लोकर आपलं मूळ विसरत नाही. घरात शिरलं की आधी मेंढरू येतं, मग माणसं.

सुरुवात भाचीने केली. ती एडिंबरात असते आणि थंडी घालवायला विणकाम करते. तिकडे म्हणे हाताने रंगवलेल्या लोकरीला गोष्टीतल्या माणसांची नावं देतात. अमुक जादूगाराचा हिरवा, तमुक राणीचा बर्फाळ निळा, असं. लोक आपल्या आवडत्या माणसाची लड घेतात आणि त्याचे मोजे करून घालतात. "मावशी, आपल्यातलं कुणीच नाही गं त्यात. तू कर ना. तुला विणता येतं, शिवाय तुझ्याकडे वेळ आहे."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून 'तुझ्याकडे वेळ आहे' या वाक्याने मी जितक्या कामांत अडकले, तितकी बँकेतही नव्हते. तरी मी हो म्हटलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, की ठाण्यात लोकर वापरतं कोण? प्रश्न रास्त होता. आमच्याकडे लोकर घालणारे दोनच. नुकतं जन्मलेलं बाळ आणि डिसेंबरात तलावपाळीला पहाटे चालणारे आजोबा. बाळाला रंग कळत नाहीत आणि आजोबांना माकडटोपीतून दिसत नाहीत. पण माल एडिंबराला जायचा होता.

मेरिनो लोकर ऑनलाइन मागवली. घोंगडीच्या काळ्या मेंढीची लोकर नवऱ्याच्या एका मित्राने माणदेशातून आणून दिली, सिमेंटच्या गोणीत. मेरिनो हाताला लोण्यासारखी लागते. ही लागते काथ्यासारखी, आणि तिच्यात माणदेशातले काटे, कुसळं नि एक बाभळीची शेंग एवढा ऐवज होता.

कातायला टकळी. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांच्या शाळेत सूतकताईला मार्क असायचे. माझ्या हातात टकळी जेमतेम चार गिरक्या घेई, की धागा तुटून ती सरळ दिवाणाखाली. दिवसातून वीस वेळा दिवाणाखाली वाकून माझी कंबर धरली. सासूबाई बराच वेळ शांतपणे पाहत होत्या. मग माझं सूत दोन बोटांत धरून त्यांनी उजेडाकडे नेलं. "कुठे जानवं, कुठे दोरखंड," त्या म्हणाल्या. "आण इकडे."

त्यांनी टकळीचं टोक वाटीत टेकवलं, अंगठ्याने गिरकी दिली आणि डावा हात वर वर जात राहिला. धागा निघतोय की हवेतून ओढून घेताहेत, कळेना. "कापसापेक्षा सोपंय हे," त्या म्हणाल्या, "याचे तंतू लांब आहेत, आपोआपच येतात." मी काही बोलले नाही. माझ्याकडे ते आपोआप आले नव्हते.

कातणं त्यांच्याकडे गेलं आणि मी रंगाकडे वळले. खरी गंमत तिथे होती. म्हणजे नवऱ्याच्या शब्दांत, खरा वैताग.

लोकर रंगवायला आंबट लागतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घालून ती अलगद सोडायची आणि उकळी येऊ न देता तापत ठेवायची. तासाभराने सगळा रंग लोकर पिऊन टाकते आणि पातेल्यात चक्क नितळ पाणी उरतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना गॅसजवळ बोलावलं. सगळे आले, पाहून गेले, आणि शेजारचा मुलगा मात्र थांबून राहिला. व्हिनेगरच्या वासाने त्याला वाटलं होतं, आज आमच्याकडे मंचुरियन आहे.

पहिला मान फास्टर फेणेला दिला. पण पिठलं करणाऱ्या बाईचा हात तो, चमचा आपोआप फिरायला लागला. मी ढवळलं, उकळी आणली आणि घाई झाली म्हणून गरम लड थेट नळाखाली धरली. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम, गार आणि घुसळण हे तिन्ही एकदम मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. फास्टर फेणे मुळात शिडशिडीत, हे मान्य. पण पातेल्यातून निघाला तो तळहाताएवढा, जाड आणि घट्ट. सासूबाईंनी तो दाबून पाहिला. "कुकरखाली ठेवायला बरा आहे," म्हणाल्या. अजून ठेवतात.

दुसऱ्या खेपेला मला कल्पना सुचली. पिवळ्या लडीवर निळ्या रंगाची कोरडी पूड चिमटीने भुरभुरवायची, प्रत्येक 'ट्टॉक'ला एक ठिपका. ओट्यावर लड पसरली, तोंडाला फडकं बांधलं, खिडक्या लावल्या आणि श्वास रोखून चिमूट सोडली. तेवढ्यात नवरा ऑफिसला निघताना स्वयंपाकघरात डोकावला. "काय उकडतंय इथे," म्हणाला आणि पंखा लावून गेला.

शंभर ग्रॅम लोकरीला एक ग्रॅम रंग पुरतो. माझ्या वाटीत चार ग्रॅम होता. वाटी रिकामी झाली, आणि तरी घरात कुठे काही दिसेना. कोरडी पूड इतकी बारीक असते, की पाणी लागेपर्यंत ती आपली ओळख देत नाही. मी सुटकेचा श्वास टाकला.

नवऱ्याला टक्कल आहे. ठाण्याला तो कल्याणकडून भरून आलेल्या स्लो लोकलमध्ये घुसला. हे रंग प्रथिनांना धरतात. लोकर हे प्रथिन, तशी माणसाची कातडीही. आणि घाम थोडा आंबटच असतो. बाकी ऊब लागते, ती डब्यात होती. मुलुंडला पहिला ठिपका उमटला असावा. भांडुपपर्यंत कपाळ आलं. विक्रोळीला शेजारच्या माणसाने अंग चोरलं आणि घाटकोपरला, नवरा हे अजून चारचौघांत सांगतो, समोर बसलेला एक तरुण न बोलता उठला आणि त्याने जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "मला वाटलं, मी म्हातारा दिसायला लागलो," नवरा म्हणाला. ऑफिसच्या आरशात पाहीपर्यंत तो त्याच दुःखात होता. डाग तीन दिवस राहिले. लड मात्र सुरेख झाली.

यापुढचा वाद रंगाच्या डब्याचा नव्हता, माणसांचा होता. चिमणरावांचा रंग कोणता? मी म्हटलं फिकट बदामी, जुन्या कोटासारखा. सासूबाई म्हणाल्या, "छे, पोपटी. स्वभावच कोवळा त्यांचा." दोघी हट्टाला पेटलो. नवरा पेपर वाचत होता, तो मान वर न करता म्हणाला, "चिमणराव ब्लॅक अँड व्हाइट आहेत. मी टीव्हीवर पाहिलेत."

बरोबरच होतं त्याचं. मालिका लागली तेव्हा तो शाळेत होता, आणि आपलं दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली. त्याच्या लेखी त्या काळातली सगळी माणसं करड्या रंगाची आहेत. आपण कोणाला कधी पाहिलं त्यावर त्याचा रंग ठरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग कुठलाच रंग लावला नाही. सासूबाईंनी एक पदर पांढऱ्या मेरिनोचा काढला, एक माणदेशच्या काळ्या मेंढीचा, आणि दोन्ही एकत्र पिळले. दुपदरी चिमणराव तयार झाले, दूरदर्शनवर दिसायचे तस्सेच. गुंड्याभाऊ मात्र निखळ काळ्या मेंढीचे. मी म्हटलं, "आई, ही फार टोचते हो." त्या म्हणाल्या, "गुंड्याभाऊ टोचायलाच हवा."

राहिला शेरलॉक होम्स. तो भाचीच्या नवऱ्याला हवा होता. मी गोष्टी पुन्हा वाचायला काढल्या आणि त्याच्या ड्रेसिंग गाऊनवर खुणा करत गेले. एका गोष्टीत गाऊन निळा आहे, दुसरीत जांभळा आणि तिसरीत उंदराच्या रंगाचा. होम्स तुमच्या बुटावरचा चिखल पाहून तुम्ही कुठून आलात ते सांगतो, आणि त्याच्या मित्राला समोर बसलेल्या माणसाच्या गाऊनचा रंग धड सांगता येत नाही. सासूबाईंना तिन्ही उतारे मराठीत सांगितले. त्यांनी टकळी थांबवली नाही. "एकच गाऊन असेल. धुऊन धुऊन उडाला रंग. आधी निळा, मग जांभळट, मग मातकट." तिकडे होम्सचे भक्त यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट करतात. आमच्याकडे पाचपाखाडीत पोहे परततानाच्या वेळात निकाल लागला.

म्हणून एकाच लडीला तिन्ही रंग द्यायचे ठरलं. निळा झाला. जांभळ्याने घात केला. जांभळा म्हणजे आतून लाल आणि निळा, आणि माझ्या डब्यातल्या जांभळ्यातला लाल फार हावरा निघाला. तो धावत जाऊन पहिल्या चार वेढ्यांत बसला आणि निळा पातेल्यात ताटकळत राहिला. त्यात व्हिनेगर संपलं. वाण्याकडे लिंबूफूल मिळालं असतं, पण पाऊस असा होता की छत्री उघडायची हिंमत होईना. चालेल, म्हटलं, आणि लड तशीच पिळून बाल्कनीत टाकली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. पांढरी चादर, तिच्यावर मधोमध निळी ओघळ. खाली 'हे काय आहे?' त्याखाली एकाने लिहिलं, फाउंटन पेन. दुसऱ्याने सल्ला दिला, टाकीचं पाणी तपासा. तिसऱ्याने मेंटेनन्स का वाढवला म्हणून विचारलं, त्याचा कशाशीच संबंध नव्हता. अर्ध्या तासात सेक्रेटरी हातात मोबाइलचा टॉर्च घेऊन आमच्या बाल्कनीत उभे होते. त्यांनी आधी दोरीकडे पाहिलं, मग खाली वाकून चादरीकडे, मग फरशीवरचे थेंब पाहत पाहत माझ्या हातांकडे. हात कोपरापर्यंत निळे.

"काय आहे हे, ताई?"

"शेरलॉक होम्स," मी म्हटलं.

ते काही क्षण गप्प राहिले. "तुमचा शेरलॉक आत घ्या," म्हणाले. नवी चादर मी भरून दिली, राम मारुती रोडवरून. खालच्या काकूंनी ती लगेच पसरून पाहिली आणि म्हणाल्या की जुनी आता त्यांच्या नातीला आवडायला लागलीय, तेव्हा दोन्ही राहू देत.

असे चार जण जमले, वाळतील तेव्हा पार्सल जाईल. परवा यादी भाचीला वाचून दाखवली. ती खूश. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि काऊ?"

"कोण?"

"चिमणरावांची बायको. इतक्या लांब परदेशात त्यांना एकट्याला पाठवतेस होय? गुंड्याभाऊ काय जेवायला करून घालणारे?"

त्यांनी उरलेली मेरिनो मागवून घेतली. दोन दिवसांत बारीक, एकसारखं सूत तयार. रंगाचे डबे पुढे केले तर हातानेच नको म्हणाल्या आणि मिसळणाचा डबा ओढला. हळद. "संध्याकाळपर्यंत हात पुसून पुसून पदराचा हाच रंग होतो," त्या म्हणाल्या.

हळद लोकरीला झकास धरते, तुरटीही लागत नाही. पण तिच्या दोन खोडी आहेत. साबण लागला की लाल होते आणि उन्हात ठेवली की महिन्याभरात उडून जाते. पाच लडींचा अनुभव असलेली बाई म्हणून हे त्यांच्या कानावर घालणं माझं कामच होतं.

"आई, हा रंग उन्हात टिकत नाही हो."

सासूबाईंनी पातेल्यात आणखी एक चमचा हळद टाकली. "एडिंबरात कुठलं आलंय ऊन!"