उसाच्या चिपाडाची प्लेट

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जा, राग नाही.

आमच्या ऑफिसात हा आठवडा सस्टेनेबिलिटी वीक आहे. म्हणजे लिफ्टच्या शेजारी हिरवा फ्लेक्स (हो, फ्लेक्सच), सगळ्यांना एकेक स्टीलची बाटली, प्लास्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप, आणि कॅन्टीनमध्ये पाटी की 'ग्लास अर्धाच भरा'. इथपर्यंत ठीक होतं, मी पण रोप घेऊन फोटो काढला, खोटं कशाला बोलू. मग एक पाहुणे आले, ब्लेझर वगैरे घालून, आणि त्यांनी पडद्यावर तीन वर्तुळं दाखवली. एक धंद्याचं, एक समाजाचं, एक पर्यावरणाचं, आणि तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे मधोमध हिरवा ठिपका, तो म्हणजे शाश्वत विकास. १९८७ चा ब्रुंटलँड आयोग, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवायच्या वगैरे वगैरे. चांगलं बोलले, माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर जेवण. आणि जेवणाच्या प्लेटवर स्टिकर: 'उसाच्या बगॅसपासून बनवलेली, १०० टक्के सस्टेनेबल'. बगॅस म्हणजे आपलं चिपाडच.

माझी तिथेच सटकली.

शेजारची म्हणाली, काय गं, जेवत का नाहीस. तिला काय सांगू. सांगायला गेले असते तर २०१६ पासून सुरू करावं लागलं असतं आणि मीटिंग होती तीन वाजता.

तर इथे सांगते. २०१६ ला मी बारावीला होते. लातूर पॅटर्न माहितीय ना, गावाकडच्या पोरी-पोरं लातूरला क्लासला, रूम करून, आणि सोबत कुणाची तरी आई डबा करायला. माझ्यासोबत माझी आई होती. एक खोली, बाहेर सामाईक मोरी, सहा बिऱ्हाडं. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ विसरूनच जायचा, टँकर आला तर आला. मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली प्रशासनानं, कलम १४४. पाण्यासाठी! गल्लीत सगळ्यांच्या घागरींवर ऑइलपेंटनं नावं घातलेली, कारण रात्रीच रांगेत घागर लावून ठेवायची आणि माणूस घरी. आमच्या घागरीवर आण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, आडनाव होतं, लाल रंगात, एक अक्षर खाली ओघळलेलं.

माझ्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री टँकर आला दीड-दोनला. आई गेली. मी खिडकीतून बघत होते, पाठांतर बाजूला ठेवून. आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकूनं आईची घागर पायानं बाजूला सारली आणि आपली लावली, आणि माझी आई, जिनं आयुष्यात आमच्या आजीसमोरसुद्धा आवाज चढवला नव्हता, तिनं त्या बाईला आई-बापावरून शिव्या दिल्या. झोंबाझोंबी झाली. घागर पडली, पोचा गेला. मी खिडकी लावून घेतली. पेपरात मला काय आठवलं माहितीय, मोल कन्सेप्ट नाही, आईचा तो आवाज.

पुढे १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले आले, पुढाऱ्यांनी श्रेय घेतलं. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लोखंडी रुळावरून आणलं, आणि सगळ्या देशाला कौतुक.

आता खरी गंमत. त्याच वर्षी जानेवारीत, आमच्याच शेतातला दोन एकर ऊस कारखान्याला गेला होता.

हो. आमच्याच. मला हे लिहायला नऊ-दहा वर्षं लागली. तो ऊस ज्या बोअरवर उभा होता तो ७२० फूट गेलेला. २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर मारायला बंदी आहे, पण ती बंदी कागदावर, आणि तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या रात्रभर आमच्या शिवारात घरघरत. त्या उसाच्या बिलातून माझ्या क्लासचा दुसरा हप्ता भरला गेला. म्हणजे ज्या पाण्यासाठी आई रात्री दोनला भांडत होती, त्याच भागातलं, जमिनीच्या पोटातलं पाणी वर ओढून आण्णांनी तिच्याच पोरीची फी भरली. आता दाखवा मला हे तीन वर्तुळांत कुठे बसतं ते.

बरं, आकडे सगळ्यांना माहीत आहेत, सगळ्यांनी वाचलेत, तरी परत लिहिते. एका किलो साखरेमागे आपल्याकडे दोन हजार लिटरच्या वर पाणी जातं. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीपैकी चारेक टक्क्यांवर ऊस, आणि सिंचनाचं सत्तरेक टक्के पाणी तो पितो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच मांडलंय, मी नाही. आणि आम्ही कॅन्टीनमध्ये अर्धा ग्लास! आमच्या कंपनीच्या रिपोर्टात कॅन्टीनच्या नळाचं पाणी मोजलंय, बाथरूमचं मोजलंय, चहातल्या साखरेचं कुणी मोजलंय का? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना हे असले रिपोर्ट सक्तीचे केलेत, पुण्यात एकेक टीम बसलीय त्यावर, एक्सेलवर एक्सेल. माझी मैत्रीण त्याच टीममध्ये आहे, तिला टॅग करत नाही, बिचारी परवा रात्री अकरापर्यंत झाडं मोजत होती.

(कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की बगॅसची प्लेट थर्माकोलपेक्षा बरी. हो, बरी आहे. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली ते चांगलंच झालं. पुढे.)

प्लेटवर अजून एक गोष्ट लिहायची राहिली. तो ऊस तोडला कुणी? ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून दसऱ्याच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहून ती फेडायची. एक दिवस आजारी पडलं, पाळीमुळे उठता आलं नाही, तर खाडा, आणि खाड्याचा दंड. त्या खाड्याच्या भीतीनं बीड जिल्ह्यात बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ ला ते बाहेर आलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेरा हजार! आणि कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. आमच्या शेतावरही टोळी यायची. त्यातली एक बाई माझ्या आईच्या वयाची वाटायची मला, नंतर कळलं ती अठ्ठावीसची होती. आज मी सत्तावीसची आहे आणि मला 'वेलनेस लीव्ह' मिळते, पाळीला एक दिवस घरून काम. शंभर टक्के सस्टेनेबल.

चिडून लिहितेय, कळतंय मला. चहा घेऊन आले.

मघाशी आण्णांना फोन केला होता. म्हटलं भांडू जरा. म्हटलं, आण्णा, ह्या वर्षी तरी ऊस मोडा, तूर लावा. ते हसले. म्हणाले, "सोयाबीनचा हमीभाव किती हाय गं?" म्हटलं २०२५-२६ चा क्विंटलला ५,३२८. म्हणाले, "मी घातलं बेचाळीसशेनं. हमीभाव पेपरात असतोय, आडतीवर नसतोय." आणि उसाचं काय, तर २०२५-२६ ला टनाला ३,५५० एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर), त्यातून तोडणी-वाहतूक कापली तरी कारखाना नेतो, उशिरा का होईना बिल येतं, गारपीट झाली तरी ऊस मरत नाही, रानडुक्कर सोडलं तर कुणी चोरून नेत नाही. ह्यावर काय बोलणार? आपल्यातले सगळे, मी पण, शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला तयार असतो, 'पीक पद्धत बदला'. कुणी बदलायची? ज्याला तुरीला दर नाही त्यानं? शेवटी म्हणाले, "तुज्या कंपनीला म्हणावं आठ हजारानं दरसाल तूर घ्या, लिहून द्या, मी उद्या ऊस मोडतो."

आणि खरं सांगू, आजच्या अख्ख्या दिवसात मला शाश्वत विकासावर तेवढं एकच वाक्य कामाचं वाटलं. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआर, म्हणजे समाजकार्यावर खर्च, करावाच लागतो, २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. त्या दोन टक्क्यांतून नाला खोलीकरण होतं, पोकलेनपुढे नारळ फुटतो, शाळेला पेंट होतो, रोपं वाटली जातात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय, खरेदी कुणाकडून करता, कुठल्या दरानं करता, काय खाता, कॅन्टीनमध्ये दर सोमवारी तुरीऐवजी कुठली डाळ आणि ती कुठून आयात केलेली, ह्यावर एक स्लाइड नाही. समाजाचं वर्तुळ म्हणे वेगळं. कुठे वेगळं आहे? आण्णांच्या आडतीच्या पावतीत तिन्ही वर्तुळं एकावर एक पडलेली आहेत.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण कुणीतरी देईलच. द्या. गाव बदलणारे तिथले सरपंच पोपटराव पवार, त्यांना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली, योग्यच झाली, त्या गावानं ऊस-केळी लावायची नाही, शेतीला बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं, दरवर्षी पावसाचा हिशोब मांडून पिकं ठरवतात. मी कॉलेजच्या ट्रिपला जाऊन आलेय, भारी वाटतं. पण त्या गावाच्या मध्ये साखर कारखान्याचं धुराडं उभं नाही आणि कारखान्याचा चेअरमन हाच बँकेचा संचालक हाच आमदार असा प्रकार नाही. आमच्याकडे २०१६ च्या सप्टेंबरअखेर पाऊस धो धो झाला, मांजरा भरलं, लोक पूजा करायला गेले धरणावर, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सगळं शिवार हिरवंगार उसानं. कुणालाही रेल्वे आठवली नाही. आम्हालाही नाही. ठिबकची सक्ती करायचं २०१७ ला ठरलं होतं सरकारचं, आण्णांनी केलं पण ठिबक, अनुदान घेऊन. पाणी वाचलं. वाचलेल्या पाण्यावर अजून एक एकर ऊस लावला.

हसू नका, तुम्ही पण तेच केलं असतं. मी पण. मी आज पुण्यात बसून हे लिहितेय ते उसाच्या बिलावर शिकले म्हणून, नाहीतर मी पण एखाद्या कोपीत असते किंवा फार तर तालुक्याला शिवणकाम. त्यामुळे मला आण्णांवर ओरडायचा हक्क नाही आणि तरी ओरडावंसं वाटतं, कारण बोअर आता नऊशेवर गेलाय आणि उन्हाळ्यात तासभर चालतो आणि गुळणी टाकतो. पुढच्या पिढ्यांच्या गरजा म्हणत होते ना ते ब्लेझरवाले. पुढची पिढी म्हणजे मीच की. माझ्या वाट्याचं पाणी माझ्याच फीमध्ये संपलं.

तर ती प्लेट. मी जेवले नाही त्यात, पण टाकवली पण नाही, पर्समध्ये घालून घरी आणली. का ते मला पण माहीत नाही. आई सध्या माझ्याकडे आलीय, गुडघ्याच्या उपचाराला. तिला दाखवली, म्हटलं ओळख कशाची आहे. तिनं वास घेतला, नखानं कड खरवडली, म्हणाली, "चिपाडाची हाय." मग धुऊन रॅकमध्ये पालथी घातली. म्हटलं आई, ती एकदा वापरून टाकायची असते. म्हणाली, "का, फुटलीय का?"

आता लिहितेय तेवढ्यात शेजारी येऊन बसलीय आणि विचारतेय काय एवढं लिव्हायलीस. म्हटलं टँकरचं, घागरीचं, त्या काकूचं. वाचून दाखवलं. ऐकत होती निवांत. काकूनं घागर सारली तिथपर्यंत आले तर म्हणाली थांब.

"नंबर तिचाच व्हता. तुजा सकाळी पेपर, म्हनून मीच मधी घागर घातली व्हती. तिचं बारकं लेकरू व्हतं घरी."