उष्णतेच्या धड्यातच सगळं आहे

सहामाहीला दहावीच्या मुलांना विचारलं होतं: पृथ्वीचं तापमान का वाढतंय ते चार ओळींत लिहा. निम्म्याहून जास्त उत्तरपत्रिकांमध्ये एकच उत्तर सापडलं. ओझोनच्या थराला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त येतं, म्हणून पृथ्वी तापते.

मुलांचा राग आला नाही. हे त्यांना कुणीतरी शिकवलंय. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा असंच शिकवत होते. तक्त्यावर ओझोनचं आणि तापमानवाढीचं अशी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी असायची आणि मी ती एका दमात सांगून पुढच्या धड्याकडे वळायचे. ओझोनचा प्रश्न फ्रिज-एसीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंचा आणि अतिनील किरणांचा आहे. त्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला. तापमानवाढीची गोष्ट वेगळी. ऊन येतं तेवढंच येतंय, पण तापलेली जमीन जी उष्णता परत आकाशाकडे सोडते ती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे ‘हरितगृह वायू’ शोषतात. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ साली नळीत वायू भरून हे मोजून दाखवलं. हवेत भरपूर असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू कारखानदारीच्या आधी सुमारे २८० होते, १९५८ साली हवाई बेटांवरच्या मावना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आज ४२० च्या वर. एवढं सांगायला एक तासिका पुरते. ती एक तासिका आपण मुलांना देत नाही, ही माझी तक्रार आहे.

आपल्याकडे हा विषय येतो कसा, तर पर्यावरण दिन म्हणून. ५ जूनला शाळेला सुट्टी असते, म्हणून शाळा उघडल्यावर एक दिवस ठरतो. रांगोळी, घोषवाक्यं, वृक्षारोपण, फोटो. झाडं लावावीतच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलाच्या मनात पक्कं बसतं की हा भाषणाचा आणि चित्रकलेचा विषय आहे. त्यासाठी वेगळा विषय आहे ना, असं कुणी म्हणतं. गुणांऐवजी नुसती श्रेणी मिळते अशा विषयांना वर्गात किती तास मिळतात हे शिक्षकांना मी सांगायला नको.

आता दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘उष्णता’ हा धडा उघडा. अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना, तापमान न वाढता, शोषली जाणारी उष्णता) आहे, दवबिंदू आहे, सापेक्ष आर्द्रता आहे, विशिष्ट उष्माधारकता आहे. हवामान बदल समजायला लागणारी बरीचशी हत्यारं याच पानांवर आहेत. आपण ती व्याख्या आणि उदाहरणं सोडवून संपवतो.

गेली तीन वर्षं मी हा धडा वेगळ्या पद्धतीने घेते. प्रयोगशाळेतले दोन तापमापी शेजारी टांगायचे. एकाच्या फुग्याला दिव्याची वात गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. मार्चमधल्या एका दुपारी कोरडा ३७ दाखवत होता आणि ओला २०. सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर कोरडा २९ आणि ओला २६. दोघांतला फरक जितका कमी, तितकं वातीतलं पाणी कमी वाळतंय. एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग २९ ला जास्त घाम का येतो?” तिथून तासभर कुणी जागचं हललं नाही. घाम जास्त येत नाही, तो वाळत नाही. वाळला नाही तर अंगातली उष्णता अप्रकट उष्म्याच्या रूपात घेऊन जाणार कोण? हवेत आधीच वाफ भरलेली असली की ३५ अंशसुद्धा ऊसतोडीच्या माणसाला का मारू शकतात, हे त्यांचं त्यांनीच मला सांगितलं. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील तेव्हा कोयता घेऊन कारखान्याकडे जायच्या तयारीत होते.

पुढची पायरी पावसाची. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पडतो तेव्हा धो धो पडायला माल जास्त. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आमच्या मुलांना अतिवृष्टी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस भरला की नाही यावर पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठरतो, हे घरात रोज चाललेलं असतं. फळ्यावर गणित मांडलं: एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ २ लाख ६३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे २६ टँकर. ज्या लातूर भागाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागातली ही मुलं. २६ आकडा ऐकून वर्ग गप्प झाला.

एका मुलाचे आजोबा पालकसभेत म्हणाले, “बाई, बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय आम्ही. तेव्हा कुठला हवामान बदल होता?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आबा, एक दुष्काळ किंवा एक पूर पाहून काहीच ठरत नाही, तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या शेजारी मांडाव्या लागतात. (भाषाही इथे गोंधळ घालते. भूगोलाचं पुस्तक आजच्या स्थितीला ‘हवा’ म्हणतं आणि दीर्घकाळच्या सरासरीला ‘हवामान’. मात्र उद्याच्या पावसाचा अंदाज देतं ते हवामान खातं!) १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. आकडा लहान दिसतो, म्हणूनच तो समजावून द्यायला विज्ञानाचा शिक्षक लागतो.

शिक्षकमित्रांना एक सांगायचंय. दोन बाटल्या उन्हात ठेवून एकीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरपासून होणारा कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि तीच जास्त तापते हे दाखवायचं, तो प्रयोग मी बंद केला. ती बाटली जास्त तापते, पण मुख्यतः जड वायूमुळे आतली हवा खालीवर फिरत नाही म्हणून. हरितगृह वायू नसलेला आरगॉन भरला तरी ती तशीच तापते. खरी गोष्ट पटवायला खोटा पुरावा नको.

आणि मुलांवर दोष टाकू नका. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत चौदा-पंधरा टन. आमच्या वस्तीतल्या घरांचा वाटा त्या दोन टनांहूनही कितीतरी कमी असणार. जिथे वीज तासन्‌तास नसते तिथल्या मुलाला “पंखा बंद कर, पृथ्वी वाचव” म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला कारण कळू द्या. कारण कळणं हा त्याचा हक्क आहे.

येत्या जूनपासून आमची नववीची मुलं शाळेच्या गच्चीवर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहिणार आहेत. शेजारी मांडायला जुने आकडे हवेत. आपल्या तालुक्यात कुणाच्या आजोबा-पणजोबांनी पेरणी-पावसाची टिपणं ठेवली असतील, डायरीत, खतावणीच्या मागच्या पानावर, कुठेही, तर कृपया फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. अक्षर लागत नसेल तरी चालेल, आम्ही लावून घेऊ.