काका, सिलेंडर आणि वजन

आमचे ॲनिमेशनचे लीड सर "वजन येत नाहीये" म्हणाले की नवीन माणसाला वाटतं मी जिम लावलीय. शॉट एकदम साधा. एक काका गॅसचा सिलेंडर दारातून ओट्याखाली नेऊन ठेवतात. पण मी ॲनिमेट केलेले काका तो असे उचलत होते की आत गॅसऐवजी थर्माकोल भरलंय.

मग क्लास सुरू. हाताने नाही रे, कमरेने उचल, आधी पाय फाकव, गुडघे वाकव, आणि जोर लावल्यावरसुद्धा दोनचार फ्रेम सिलेंडर जागचा हलता कामा नये. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातल्या त्या दोनचारांवर आपली सगळी इज्जत! बरं खाली ठेवतानाही एकदम थांबायचं नाही, सिलेंडर टेकला की खांदे अजून थोडे खाली जाणार, आणि पोट सगळ्यात शेवटी जागेवर येणार.

रेफरन्स व्हिडिओ काढ म्हणाले, म्हणजे स्वतः उचलून शूट कर आणि ते बघून काका हलव. भरलेली टाकी, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड. मोबाईल कुकरला टेकवून उचलतोय, ठेवतोय, परत उचलतोय, तर आई म्हणते, "एवढा उचलतोयस तर गॅलरीत तरी नेऊन ठेव ना!" व्हिडिओत दिसला फक्त माझा चेहरा, तोही बघवत नव्हता.

खरा गुरू निघाला सिलेंडरवाला. तो उचलतच नाही हो! टाकी तिच्या खालच्या कडेवर तिरकी करतो आणि एका हाताने गोल गोल फिरवत नेतो, दुसऱ्या हातात पावती, तोंडावर रेषा नाही, फक्त अख्खं अंग टाकीच्या उलट बाजूला कललेलं. वजन सगळं त्या कलण्यात!

तसंच केलं. सर म्हणाले, वजन आलं, पण अपील कुठाय? डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टननी १९८१ साली पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं दिली, त्यात अपील अगदी शेवटी (तोवर तेही दमले असणार). अपील म्हणजे गोंडसपणा नव्हे, पात्राकडे बघत राहावंसं वाटणं, व्हिलनलाही ते लागतंच. पोझ नुसत्या सावलीत कळली पाहिजे, दोन्ही हात जुळ्यासारखे नकोत. म्हणून काकांचा एक खांदा पाडला, मोकळा हात कमरेवर ठेवला, भुवई थोडी वर. काका एकदम आवडायला लागले राव.

मग एडिटमधून निरोप आला. चार सेकंदांच्या शॉटला जागा दीड सेकंद. काका टाकीला हात लावतात, कट, सिलेंडर थेट ओट्याखाली.