फोटोमागे लिहिलंय, तरी शंका का?

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : इंग्लंडमधल्या कालव्याच्या त्या फोटोमागे पेन्सिलीने ‘हॅटन, १९३१’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे, नावेचं नावही वाचता येतं, तरीही मी ‘ठिकाण अनिश्चित, काळ १९३४ किंवा नंतरचा’ अशी नोंद केली. हा उगाच काढलेला कीस आहे, असं तुम्ही म्हणता. वर, जागा इथली की तिथली यानं कुणाचं काय बिघडतं, असंही विचारता. तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यावर शेवटी येतो. आधी १९३१.

फोटोत लॉकमध्ये, म्हणजे नावा वर-खाली नेण्यासाठी कालव्यात दरवाजे लावून केलेल्या हौदात, दोन नॅरोबोटी (अरुंद, लांबट मालवाहू नावा) शेजारी शेजारी उभ्या आहेत. नॅरोबोटीची रुंदी साधारण ७ फूट, म्हणजे लॉक किमान १४ फुटांचं. ग्रँड युनियन कालव्यावरच्या हॅटन गावी १९३१ साली असं लॉकच नव्हतं. तिथली २१ लॉक तेव्हा अरुंद होती, एका वेळी एकच नाव मावेल अशी. कालव्याच्या मालक ग्रँड युनियन कंपनीनं रुंदीकरणाचं काम १९३२ च्या सुमारास हाती घेतलं आणि १९३४ मध्ये ड्यूक ऑफ केंटच्या हस्ते हॅटनला नव्या लॉकचं उद्घाटन झालं. दरवाजाजवळ तिरके उभे असलेले ते जाड, बंद खांब पाहा. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांची यंत्रणा त्यांच्यात आहे, आणि ती याच रुंदीकरणात बसवली गेली. शिवाय केबिनवर ‘ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिंग कंपनी’ असं रंगवलंय. तिच्या वाहतूक कंपनीनं हे नाव घेतलं तेच १९३४ मध्ये. लॉक आणि कंपनीचं नाव, दोघांची साक्ष एकच आहे. पेन्सिलीचं अक्षर कितीही वळणदार असलं तरी त्यापुढे टिकत नाही.

मग निदान ‘हॅटन’ तरी मान्य करा, असं तुम्ही म्हणाल. अडचण अशी की तेच खांब फक्त हॅटनला नाहीत. याच कालव्यावर कॅल्कटपासून नोलपर्यंत अशी ५१ रुंद लॉक एकाच योजनेत बांधली गेली; स्टॉक्टन, बास्कोट, रॅडफर्ड सगळी त्यातच आली. बाजूला जुन्या अरुंद लॉकची भिंत दिसते, पण तीही या टप्प्यात ठिकठिकाणी शिल्लक आहे. फोटोत ना पूल, ना पुलावरची नंबराची पाटी, ना पुढचं लॉक. एक कुंपण आणि दोन झाडं. एवढ्यावर ५१ मधलं एक निवडायचं तर चिठ्ठीच टाकावी लागेल. शिवाय साल चुकीचं निघालं की त्याच हातानं, बहुधा त्याच वेळी, लिहिलेल्या गावाच्या नावावरही मी आपोआप विसंबत नाही. हॅटन प्रसिद्ध, म्हणून रुंद लॉक दिसलं की आठवणीत हॅटनच येतं. अल्बम लावताना लोक असंच लिहितात.

ठिकाण ठाम सांगता येतं तेव्हा मी ते सांगतोच. उदाहरणार्थ, इंग्लंडमधल्याच ट्रेंट अँड मर्सी या दुसऱ्या कालव्यावर ओतीव लोखंडाचे मैलाचे खांब आहेत. कित्येकांवर १८१९ साल आणि स्टोन गावच्या ओतशाळेची खूण आहे. एका बाजूला शार्डलो गावाचं मैलांतलं अंतर, दुसऱ्या बाजूला प्रेस्टन ब्रूकचं, आणि दोन्हींची बेरीज ९२. फोटोत एकच आकडा लागला, समजा शार्डलो ३५, तर दुसरा ५७ असणारच, आणि तुम्ही कालव्याच्या नेमक्या त्या मैलावर येऊन पोचता. असा खांब चौकटीत आला की मला अजूनही मनापासून आनंद होतो. तुमच्या या फोटोत तो नाही, इतकंच.

फोटो उलटा छापला असेल, हा तुमचा तर्क चांगला आहे, कारण काचेच्या निगेटिव्हच्या बाबतीत असं घडतं. पण इथं धुराडं पाहा. नॅरोबोटीच्या मागच्या केबिनमध्ये उतरलं की चूल डाव्या हाताला असते, त्यामुळे छपरावरचं धुराडंही नावेच्या डाव्या बाजूला येतं. आपण नाव मागून पाहतोय, धुराडं डावीकडे आहे, म्हणजे छपाई सुलटच आहे. अक्षरं पुसट असतात, चिखलानं झाकलेली असतात, तेव्हा मी आधी धुराडं शोधतो.

केबिन ‘काळी’ दिसते म्हणून नाव फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या दुसऱ्या वाहतूक कंपनीची असावी आणि वरची अक्षरं नंतर रंगवलेली, हा तुमचा तर्क मात्र पटत नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही; तो काळा उमटतो आणि निळा फिका पडतो. याच ग्रँड युनियनच्या नावा १९३७ च्या राज्याभिषेकासाठी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगल्या होत्या. त्यातला लाल अशा फिल्मवर कोळशासारखा दिसेल. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवण्याआधी फिल्म कोणती हे ठरवावं लागतं.

राहिलं नावेचं नाव. तेवढ्यावर नाव ओळखली असं मी म्हणत नाही. एकच नाव वेगवेगळ्या ताफ्यांत सापडतं, विक्रीनंतर बदलतंही. खरी ओळख पटते ती नोंदणीच्या आकड्यावरून. १८७७ च्या कॅनॉल बोट्स अ‍ॅक्टनं, राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक नावेची स्थानिक कचेरीत नोंदणी सक्तीची केली, आणि ते ठिकाण व क्रमांक नावेवर रंगवावा लागे. या फोटोत नेमका तो भाग सुकाणूजवळ उभ्या बाईच्या कोपरामागे गेलाय.

आता तुमचा मुख्य प्रश्न, काय बिघडतं? त्या नोंदवह्यांत मालक, नावाडी आणि केबिनमध्ये किती माणसांना राहायची परवानगी आहे हे लिहिलेलं असे. नावेवरची कुटुंबं सतत फिरती, मुलांची शाळा धड होत नसे, घरात कागदपत्रं जवळजवळ नाहीत. आज त्यांची नातवंडं-पतवंडं आजीचा शोध घेतात तेव्हा हाताशी एखादा फोटो आणि अशी एखादी नोंदवही, एवढंच असतं. त्या फोटोखाली मी ‘हॅटन, १९३१’ छापलं तर पुढचे दहाजण ते उचलतील, आणि कोणीतरी आपल्या माणसांना चुकीच्या गावच्या, चुकीच्या सालच्या दप्तरात शोधत बसेल. सुकाणूजवळची ती बाई कुणाची तरी आई आहे. तिच्या बाबतीत मी अंदाज खरा म्हणून खपवणार नाही.

तुमच्याकडे याच अल्बममधले आणखी फोटो आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते पुढून-मागून दोन्हीकडून स्कॅन करून पाठवाल का? शक्य तितक्या मोठ्या रेझोल्यूशनला, आणि कडा न कापता. पुलाची पाटी किंवा दुसऱ्या लॉकचा दरवाजा बहुतेक वेळा कडेलाच असतो. पुढच्याच क्षणी घेतलेल्या फोटोत त्या बाईनं हात हलवला असेल तर नोंदणी क्रमांकही मिळेल. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेचे जुने २५ इंची (एका मैलाला २५ इंच) नकाशे ऑनलाइन ठेवलेत, त्यात हा संपूर्ण टप्पा आहे. फोटो आले की लॉकमागून लॉक जुळवून पाहायला बसतो.