‘फॉरमॅट मारलं की फोटो कायमचे गेले’: या मेसेजवर विसंबू नका

लग्नसराई आली की मराठवाड्यातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. बीड असो की नांदेड, मजकूर तोच: ‘कॅमेऱ्यात फॉरमॅट मारलं की फोटो कायमचे जातात आणि कार्ड झिजतं, म्हणून एकेक फोटो डिलीट करा. महत्त्वाच्या फोटोंना लॉक लावा, ते फॉरमॅटमध्येही वाचतात. कार्ड विकताना तीनदा फॉरमॅट मारा.’ यातला एकही सल्ला धरून चालण्यासारखा नाही.

आधी फोटो जाण्याचं बघू. कोणती फाइल कार्डावर कुठे आहे, याची एक यादी कार्डातच असते. साध्या फॉरमॅटमध्ये कॅमेरा सहसा ती यादी तेवढी कोरी करतो. म्हणून तर ६४ जीबीचं कार्ड काही सेकंदांत ‘खाली’ होतं. एवढ्या वेळात अख्ख्या कार्डावर नव्याने लिहिणं शक्यच नाही. फोटो जागच्या जागी असतात. प्रत्येक जेपीजी फाइल ‘एफएफ डी८’ या ठरलेल्या बाइटनी सुरू होते. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यादीकडे न बघता हीच खूण शोधत सगळं कार्ड चाळतं. फाइलींची मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. व्हिडिओचं अवघड असतं: तो तुकड्यातुकड्यांत लिहिला गेला असेल, तर तुकडे जोडायला यादीच उरलेली नसते.

तेव्हा हळदीचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं, तर त्याच कार्डावर वरात शूट करू नका. जुन्या फोटोच्या जागेवर नवा बसला की जुना खरोखरच गेला. कार्ड लगेच काढून बाजूला ठेवा आणि रिकव्हर केलेले फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. ‘कायमचे गेले’ यावर विश्वास ठेवून शूट चालू ठेवणारा पोरगा वाचण्यासारखे फोटो स्वतःच्या हाताने घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्ड झिजतं ते लिहिण्या-पुसण्याने. फॉरमॅटमध्ये त्यातला जेमतेम कोपरा लिहिला जातो; एका लग्नात अख्खं कार्ड भरतं. एकेक डिलीट करताना तर तीच यादी पुन्हा पुन्हा बदलते.

लॉकचा सल्ला सगळ्यात घातक. किल्लीची खूण असलेला फोटो ‘सगळे डिलीट करा’मधून वाचतो, फॉरमॅटमधून नाही.

आणि तीनदा फॉरमॅट? तीच कोरी यादी तीनदा लिहिली जाते. फॉरमॅटने डेटा पूर्ण पुसला जात नाही, हे कॅननच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं असतं. आपल्या कार्डांवर लोकांच्या लेकीसुनांचे फोटो असतात. असं कार्ड विकलं तर घेणारा ते सहज काढू शकतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’, म्हणजे यादीच नाही तर अख्खं कार्ड पुसणारा पर्याय आहे, तो निवडा. नसेल तर आधी साधं फॉरमॅट मारा, लेन्सला झाकण लावून कार्ड भरेपर्यंत व्हिडिओ चालवा आणि मग पुन्हा फॉरमॅट मारा. तेवढा वेळ नसेल तर कार्ड विकू नका, तोडून टाका.