बंदी म्हणजे बंदी, एवढं कळत नाही?

दरवर्षी तेच! हिमवादळाचा इशारा दोन दिवस आधी येतो, प्रवासबंदीचा मेसेज मोबाईलवर बोंबलून जातो, आणि तरी कुणीतरी गाडी काढतोच. "माझी फोर व्हील ड्राइव्ह आहे!" अरे बाबा, चारही चाकं फिरतील, पण बर्फावर ब्रेक लागणार आहे का? अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येत हिमवादळ म्हणजे ताशी 56 किलोमीटरचा वारा आणि 400 मीटरपेक्षा कमी दृश्यता, तेही निदान तीन तास. नाकासमोरचं दिसत नाही तिथे हे दूध आणायला निघतात.

मग साहेब भर रस्त्यात रुततात. मागे बर्फ काढणारी गाडी अडते, तिच्यामागे अ‍ॅम्ब्युलन्स. परवा खिडकीतून पाहिलं, एकजण एटीएम कार्डाने काच खरवडत होता. इंजिन चालू, सायलेन्सर बर्फात गाडलेला! कार्बन मोनॉक्साइड आत भरला की माणूस बसल्या जागी संपतो, पण सांगणार कोण.

प्रशासनही काही कमी नाही म्हणा. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात अमेरिकेतल्या बफेलो शहरात वाहनबंदी लागू झाली सकाळी साडेनऊला. तोवर कितीतरी लोक कामावर पोचलेले. आता घरी परतायचं कसं, उडत?

आणि मीठ टाका, मीठ टाका म्हणून ओरडणाऱ्यांनो, उणे दहाच्या खाली साधं मीठ जवळपास निकामी असतं.

हे लिहितोय तोवर ऑफिसचा मेल आलाय. "शक्य असल्यास हजर राहावे." बंदीच्या दिवशी!